दोन भिंतींचं घर

तातू कंडक्टरच्या घराला स्वतःच्या अशा दोनच भिंती होत्या, एक पुढची आणि एक मागची. डावी-उजवीकडच्या भिंती शेजाऱ्यांच्या. बंदरपेठ वसली तेव्हा दोन व्यापाऱ्यांच्या घरांमध्ये एक बोळ उरला होता. तातूच्या आज्याने दोन्हीकडच्या भिंतींत वासे खुपसले, वर कौलं चढवली आणि संसार मांडला. कुणी हरकत घेतली नाही. त्या काळी खाडीत गलबतं लागत, पेठेत माणूस मावत नसे, आणि एकाच्या भिंतीला दुसऱ्याने पाठ टेकली तर त्यात कुणाला वावगं वाटत नसे. मालवणच्या बँकेत माझी बदली झाली तेव्हा खोली शोधत मी त्या घराच्या माडीवर येऊन पडलो आणि चार-पाच वर्षं तिथेच राहिलो.

पहिल्याच दिवशी तातूकाकांनी मला दोन्ही भिंतींवर हात ठेवायला लावला.

"ही बाळा शेटची. ती मुंबयवाल्यांची. आमचा काय? आमचा छप्पर," असं म्हणून ते हसले. मीही हसलो. भाडेकरूने पहिल्या दिवशी हसायचंच असतं.

एसटीत उभं आयुष्य काढलेला हा माणूस निवृत्तीनंतरही बसायला शिकला नाही. पेपर वाचायचा तो खांबाला कंबर टेकून, पाय फाकवून, जणू पुढे वळण आहे. चहासुद्धा उभ्यानेच. घरात चार माणसं आली की "पुढे सरका, मागे जागा आसा" हे तोंडातून निघणारच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी म्हापशाला दिलेली. खाकी शर्ट विटले तरी टाकले नव्हते. त्यांचं खरं नाव सीताराम, पण ते फक्त लाइटच्या बिलावर.

त्यांची एक गोष्ट मात्र मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. त्यांना चेहरा विसरता येत नसे. एकदा पेठेतल्या हॉटेलात दाढीवाला, पोट सुटलेला एक पाहुणा भजी खात बसला होता. तातूकाका त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तू फोंड्याक उतरायचंस. आवशीच्या मांडयेर बसान. घाट लागलो की वांती." तो माणूस खाता खाता थांबला. फोंडाघाटचाच तो, लहानपणी गाव सोडलेला. त्याची आई वारली हेही काकांनी त्याच्या तोंडाकडे बघून ओळखलं आणि पुढचं काही विचारलं नाही. घरी येताना मला म्हणाले, "तिकीट इसरतंय, पैसे इसरतंय. चेरो इसरणंय नाय." ही फुशारकी नव्हती. कोल्हापूरच्या गाडीवर त्यांनी ते वर्षानुवर्षं सिद्ध केलं होतं, आणि सबंध गावाला ते मान्य होतं.

पेठेतली निम्मी घरं बंद. मालक मुंबईला, नाहीतर ठाण्याला. त्यांच्या किल्ल्या तातूकाकांकडे, तिन्हीसांजेला दिवा लावायचं कामही त्यांच्याकडे. मी कधीकधी सोबत जायचो. कुलूप काढण्याआधी ते दारावर दोनदा टकटक करत, जरा थांबत, मगच किल्ली फिरवत.

"आत कोण आहे, काका?" मी एकदा थट्टेने विचारलं.

"कोण नाय म्हणानच वाजवूक व्हया," ते म्हणाले. "रिकामा घर रिकामा नसता. आपण इलंव ता सांगून भितर जावचा."

ते थट्टेत नव्हते. त्यानंतर मी त्यांच्यासोबत जाणं कमी केलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. मी कणकवलीकडच्या भातशेतीवाल्या घरातला, भुताखेतांच्या गोष्टी ऐकतच वाढलो. पण त्या बंद घरांमध्ये दार उघडलं की जो गार वास यायचा, तो मला सोसायचा नाही.

तारकर्लीला जागा संपली तशी माणसं आमच्या खाडीकडे बघायला लागली. पांढऱ्या गाड्या पेठेच्या तोंडाशी थांबत, उतरून कुणी फोटो काढी, कुणी पावलांनी अंतर मोजी. मग पेठेच्या खालच्या टोकाचं एक घर पडलं. वर्षभराने त्याच्या शेजारचं. लोक म्हणाले, जुनी घरं, पडायचीच. तातूकाकांनी मला त्या दुसऱ्या घराच्या मागे नेऊन दाखवलं. परसात कौलं व्यवस्थित रचून ठेवलेली होती, एकही फुटलेलं नव्हतं.

"घर पडला नाय. पाडल्यानी. वयशाखात आड्यावयली कौलां काढूची आणि गप बसूचा. भिंत चिऱ्यांची, पण चिरे मातयेत बसयलेले. एका-दोन पावसांत माती भायर येता. मगे पंचायत म्हणता धोकादायक, आणि जेसीबी येता. पावसाक सुपारी दिल्यानी, दुसरा काय."

ते नेहमीच्याच आवाजात बोलले, तिकिटाचा दर सांगावा तसे. त्या रात्री माडीवर पडल्या पडल्या मी आमच्या आढ्याकडे बघत राहिलो.

म्हणून जिल्ह्याच्या वारसा यादीची बातमी आली तेव्हा सगळ्यात आधी तेच धावले. कामासाठी एक मॅडम आल्या होत्या, तरुण, भरभर बोलणाऱ्या, कामाच्या पक्क्या. शाळेच्या पडवीत सभा झाली. मॅडमनी समजावून सांगितलं की एकेक घर नाही, अख्खी पेठ यादीत घ्यायची आहे. यादीत गेली की पाडकामाला परवानगी लागेल आणि दुरुस्तीला मदत मिळेल. पण ओळ सलग हवी. मधलंच घर गेलं तर उरलेल्यांना पेठ म्हणता येणार नाही.

लोकांच्या शंका ठरलेल्या होत्या. खिळा मारायला कलेक्टरकडे जायचं काय, संडास बांधायचा तर काय, उद्या विकायचं म्हटलं तर गिऱ्हाईक येईल काय. सभा विस्कटायला लागली तसे तातूकाका उठले, म्हणजे उभेच होते, ते पुढे आले.

"ही पेठ म्हंजे फोंड्याच्या घाटातली उभी पासिंजरा," ते म्हणाले. "एकमेकांक धरून उभी आसत. एकान हात सोडल्यान तर सगळी एकमेकांच्या अंगार. माका तर धरूक दांडो पण नाय. माजो एक हात बाळाच्या खांद्यार, दुसरो मुंबयवाल्यांच्या."

लोक हसले आणि हसता हसता सह्या झाल्या. पहिली सही बाळाने केली.

हा बाळा म्हणजे उजवीकडच्या घराचा मालक. तिठ्यावर नवा बंगला बांधून राहत होता, पेठेतलं घर बंदच. तातूकाकांपेक्षा पंचवीसेक वर्षांनी लहान. शाळेत असताना संध्याकाळच्या गाडीत तो झोपी जायचा आणि काका त्याला उचलून पेठेपर्यंत आणायचे. त्याने कधी आवाज चढवला नाही, कधी काकांना नावाने हाक मारली नाही. बांगडे चांगले मिळाले की चार आमच्याकडे येत. मला तो आवडायचा. आता वाटतं, एखाद्याने इतकंही गोड असू नये, पण तेव्हा तसं वाटलं नव्हतं.

त्याच वर्षी गावपळण आली. बाहेरच्यांसाठी सांगायला हवं. आमच्या भागातल्या काही गावांत, काही वर्षांनी एकदा, देवाचा कौल घेऊन सगळं गाव घरदार सोडतं. गुरं, कोंबड्या, कुत्री, आजारी माणूस, बाळंतीण, सगळे शिवेबाहेर जातात आणि तीन दिवस झोपड्या घालून राहतात. पुन्हा कौल मिळाला की परत. मधले दिवस गाव देवाचं आणि देवाच्या गणांचं, माणसाचं नाही. पळणीत गावात पाऊल टाकायचं नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. शिवेबाहेर मात्र जत्राच असते. भजनं, पत्ते, सोरकढी, लग्नांच्या गोष्टी. मी परगावचा असूनही भाडेकरू म्हणून निघालो होतो आणि माझी चांगली चंगळ चालली होती.

नेमकं त्याच दिवसांत मॅडमचं पथक पेठ बघायला येणार होतं. तातूकाकांनी फोन करून तारीख बदलायला सांगितलं होतं. मॅडम म्हणाल्या, वरचे साहेब तेवढ्यापुरतेच येताहेत, तारीख बदलली तर पुढच्या वर्षावर जाईल. देवाची तारीख तर बदलणारच नव्हती. काकांना दिसत होतं ते साधं होतं. साहेब येणार, एक दार उघडं नाही, एक कोंबडी नाही, धूर नाही. साहेब लिहिणार, पेठ ओसाड आहे.

पळणीच्या दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर सगळे आंब्याखाली आडवे झाले तेव्हा काका उठले. किल्ल्यांचा जुडगा पंच्यात गुंडाळून काखेत घेतला. माझ्याकडे एकदा बघितलं आणि गावाकडच्या व्हाळाच्या, ओढ्याच्या दिशेने चालायला लागले. मी त्यांना अडवलं नाही. ओरडलो असतो तर सगळं रान जागं झालं असतं.

ऊन कलताना ते परतले आणि माठातलं पाणी प्याले. साहेब खूश होऊन गेले एवढं मला सांगितलं. बाकीचं कळायला पुढचे दोन आठवडे लागले.

झालं होतं ते असं. पथक आलं, काकांनी घरं उघडून दाखवली, फोटो निघाले, गाडी गेली. काका एकेक कुलूप परत लावत आले. पेठेत इतकी शांतता होती की किल्लीचा आवाज समोरच्या घरावर आपटून परत येत होता. आणि मग त्यांना कौल सरकल्याचा आवाज आला. एक, मग दुसरं. ते परसात गेले. बाळाच्या घराच्या आढ्यावर बाळा होता. डोक्याला टॉवेल, बनियन, हातात कौल. त्याने खाली बघितलं. यांनी वर बघितलं. दोघांपैकी कुणीच हाक मारली नाही. तातूकाका माघारी फिरले आणि शिवेबाहेर येईपर्यंत त्यांनी मागे बघितलं नाही.

पळण उठली, गाव परत आलं. बाळाच्या घराच्या माथ्यावर हातभर आभाळ दिसत होतं. बाळा म्हणाला, वानरांनी नासधूस केली, पावसाआधी करून घेतो. आमच्याकडे वानर हे कौलं फुटण्याचं बारमाही कारण आहे, त्यामुळे कुणी पुढे विचारलं नाही. तातूकाकांनी सुताराला गाठलं, तर तो म्हणाला, घर बाळा शेटचं, त्याने सांगितल्याशिवाय कसा चढू. त्यांनी मॅडमना फोन केला. मॅडम म्हणाल्या, यादी जाहीर होईपर्यंत आमच्या हातात फार नाही, पण मुद्दाम काढली असतील आणि कुणी बघितलं असेल तर तसं लिहून द्या, तेवढ्यावर काम थांबवता येईल.

त्या संध्याकाळी त्यांनी मला वरचं सगळं सांगितलं. मी म्हटलं, मग लिहा की, तुम्हीच तर साक्षीदार आहात. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग माझ्याही ध्यानात आलं. बाळाला बघितलं असं म्हणायचं तर आपण पळणीत गावात होतो हे आधी म्हणायला हवं. बाळालाही ते पुरतं ठाऊक होतं. म्हणूनच तो इतका निवांत होता.

"लिवन दितंय," काका शेवटी म्हणाले. "पण आधी देवाक सांगूचा, मगे सरकाराक. देवाची चोरी करून सरकाराकडे खऱ्याचो आव कसो आणू?"

पुढच्या सोमवारी देवळात गाऱ्हाणं, म्हणजे गावाच्या वतीने देवाला साकडं, होतं. सगळे मानकरी होते, गावातली बरीच माणसं होती, बाळाही होता. मानकऱ्याचं गाऱ्हाणं झाल्यावर तातूकाका पुढे आले. बसल्याशिवाय देवासमोर बोलायचं नसतं म्हणून बसले. माणसाला बसणं किती अवघड जातं ते मी तेव्हा बघितलं.

"देवा म्हाराजा, पळणीत मी गावात इल्लंय. सरकारी माणसा येवची होती, पेठ ओसाड दिसात म्हणान इल्लंय. चूक माजी. काय दंड तो माका दी, गावाक नको."

मागच्या बाया पदर ओढून पुढे सरकल्या.

"पण मी एकटो नाय होतंय. बाळो होतो. आपल्या घरार चढान कौलां काढी होतो. माज्या डोळ्यांनी बघलंय."

सगळ्यांच्या माना बाळाकडे वळल्या. मला वाटलं, आता हा चिडेल, अंगावर येईल. तो उठला, तातूकाकांजवळ येऊन बसला आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच बोलला.

"काका, तुमी खोटा बोलणास नाय, ता सगळ्या गावाक म्हायत आसा. तुमी बघलास, ता खराच. पण मी त्या दिवशी शिवेभायर होतंय, पत्ते खेळी होतंय, इचारा कोणाकय. पळणीत गावात माणूस नसता, काका. मगे माज्या घरार तुमी कोणाक बघलास?"

त्याने शब्दावर जोर दिला नाही. देऊळ गार पडल्यासारखं झालं. एक म्हातारे मानकरी पुटपुटले, "गण वळखीचा रूप घेवनच येतत. माजो आजो सांगायचो." दुसऱ्याने मान हलवली. एका बाईने आपल्या पोराला जवळ ओढलं. बाळा दुपारभर पत्त्यांच्या डावात होता का, हे मला आठवेना. कुणालाच आठवेना, कारण जेवणानंतर सगळे झोपलेले. पण आता ते विचारायची गरजही उरली नव्हती. लोकांना बाळा खोटा नको होता आणि तातूही खोटा नको होता. दोघेही खरे ठरतील असं उत्तर बाळाने त्यांच्यासमोर ठेवलं होतं.

मानकऱ्याने तातूकाकांवरून नारळ उतरवून ठेवला, अंगारा लावला. "तुका काय झाला नाय, ह्याच म्हाराजाचा देणा," असं सगळे म्हणाले आणि प्रेमाने घरी पोचवून गेले.

मी संतापलो होतो. घरात शिरल्या शिरल्या कागद पुढे ठेवला. म्हटलं, आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, लिहा.

"काय लिवू?" ते म्हणाले. "माणूस बघलंय म्हणान सही करू?"

"तुम्ही चेहरा विसरत नाही, काका."

"चेरो बाळाचोच होतो. आत कोण होतो ता आता माका सांगूक येणा नाय."

ते भीतीने बोलत होते असं नाही. ते आठवत होते. खांबाला टेकून, डोळे मिटून, त्या दुपारी आढ्यावर जे दिसलं ते पुन्हा पुन्हा बघत होते, आणि दर खेपेला त्यातला माणूस थोडा कमी होत होता. मला त्या कागदाचीच शिसारी आली. आम्ही तो तसाच ठेवून दिला.

पावसात बाळाकडची भिंत फुगत गेली. आधी खोलीच्या बाजूने काळी पडली, मग हिरवी. जेवताना आत कुठेतरी माती सुटून खाली गेल्याचा आवाज यायचा आणि काकांचा घास हातात थांबायचा. ताडपत्री आणून मी बाळाच्या परवानगीशिवाय त्या भगदाडावर बांधून घेतली, तर चौथ्या दिवशी ती खाली अंगणात पडलेली. वाऱ्याने गेली, बाळा म्हणाला. पूर्वी काका त्याच्या घरात दिवा लावायला जात, ते त्यांनी बंद केलं. बाकी बंद घरांतही जाईनासे झाले. किल्ल्या खुंटीवर नुसत्या लटकत राहिल्या आणि मुंबईवाल्यांचे फोन आले की मी काहीतरी थाप मारायचो.

श्रावणातल्या एका रविवारी दुपारी भिंत गेली. पलीकडे पडली म्हणून आम्ही वाचलो. आमचे वासे त्या बाजूला हवेत लोंबत राहिले आणि स्वयंपाकघरातून थेट बाळाचं मोडकं माजघर दिसायला लागलं. पंचायतीची माणसं आली, दोन्ही घरं धोकादायक म्हणून कागद लागला. आठवड्याभरात मॅडमचा फोन आला. बिचाऱ्या खरंच हळहळत होत्या. ओळ मधून तुटली, पेठेचं प्रकरण तूर्त बाजूला ठेवलंय, म्हणाल्या. दसऱ्याच्या आत पेठेतल्या आणखी तीन घरांच्या माथ्यावर आभाळ दिसायला लागलं. मालकांनी हात सोडायला सुरुवात केली होती, आणि त्यांना दोष देईल असा आता कुणी उरला नव्हता.

म्हापशाची मुलगी टेम्पो घेऊन आली त्या दिवशी मी रजा काढली होती. माझं सामान आदल्या दिवशीच मालवणला हलवलं होतं. बाळा चार गडी घेऊन हजर. त्याने स्वतः ट्रंक उचलली, देव्हारा कपड्यात गुंडाळला, गड्यांना "सावकाश रे, काकांचा सामान आसा" असं बजावत राहिला. मुलगी तर त्याला दादा म्हणून हाक मारत होती. तिला देवळातलं काही माहीत नव्हतं, सांगण्यातही अर्थ नव्हता.

शेवटी तातूकाका बाहेर आले. पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. बाळा खालच्या पायरीशी उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला.

"येवा काका. धरा माका."

काका वरच थांबले. त्यांनी त्याच्या हाताकडे बघितलं नाही, तोंडाकडेही नाही. खांबाला धरून ते थोडे वाकले आणि त्याच्या पायांकडे बघायला लागले. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, मुलगी "बाबा, चला" म्हणत होती, तरी ते बघतच राहिले. बाळाने चपला काढून ठेवलेल्या. पावलं चिखलाने भरलेली, टाचा मागे, बोटं पुढे, माणसाची असतात तशी.

काकांनी ती नीट बघून घेतली. मग त्याचा हात न धरता, आपल्याच घराच्या पुढच्या भिंतीला हात लावत ते एकेक पायरी खाली उतरले.